तेवीस प्यादी

नाही, मला खरंच नक्की आठवत नाही, की त्या दिवशी घोडा मी विचार करून घेतला की नुसतं बोट घसरलं… तुम्ही म्हणाल, तुमचं बोट, तुमचं डोकं, आणि तुम्हालाच माहीत नाही? अहो, तेच तर सांगतोय! तीन मिनिटांचा बुद्धिबळाचा डाव, मोबाइलवर, माझे अकरा सेकंद उरलेले, समोर चिली देशातला कुणीतरी, त्याचं एक प्यादं धावतंय, माझं एक प्यादं धावतंय, आणि माझं आधी पोचलं! आधी पोचलं हो! आता मोबाइलवर काय होतं, प्यादं पलीकडच्या शेवटच्या घरात पोचलं की एक छोटी पट्टी उघडते, तिच्यात चार चित्रं… वजीर, हत्ती, उंट, घोडा. प्याद्याचं काय करायचं ते तुम्ही सांगायचं. ह्यात सांगायचं काय? जगातला कुठलाही माणूस वजीरच घेतो, कारण सगळ्यात ताकदवान तोच. मी घोडा घेतला. मग त्याचं प्यादं पोचलं, त्यानं वजीर घेतला, सहा खेळ्यांत मात केली, आणि वर एक तोंड पाठवलं. पिवळं. दात काढून हसणारं.

हे जूनमध्ये झालं की मेच्या शेवटी, तेही मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण घोडा घेतला हे नक्की. माझ्यावर जाऊ नका, वहीत आहे.

वही म्हणजे… थांबा, हे आधी सांगायला हवं. मी संख्याशास्त्राचा माणूस. एकतीस वर्षं इथे सोलापुरात कॉलेजात शिकवलं, पीएचडी केली ती 'वर्गीकरणातील चुका' ह्या विषयावर, म्हणजे माणूस माहिती गोळा करताना कुठे कुठे फसतो, त्यावर साडेतीनशे पानं. हसू नका. पुढे हसायचंच आहे. तर निवृत्त झालो, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, वाचन कमी झालं, आणि इथल्या जुळे सोलापूर भागातल्या घरात दुपारचे दोन ते पाच काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा आमचे यशपाल म्हणाले, "सर, मोबाइलवर बुद्धिबळ खेळा की. तीन मिन्टाचा डाव. हारलं तरी तीनच मिन्टं वाया." यशपाल म्हणजे रेल्वेतले, स्टेशन मास्तर होते, जेऊरला आठ वर्षं काढली, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात बुद्धिबळाची पुस्तकं घेऊन बसायचे. चांगला माणूस. फार चांगला. म्हणजे तेव्हा मला असं वाटत होतं.

तर तिथे प्रत्येकाला एक आकडा असतो, रेटिंग. जिंकलात की सात-आठ वाढतात, हरलात की सात-आठ उतरतात. बस. साधा हिशेब. पण तुम्हाला सांगतो, एकदा माणसाच्या डोक्याला आकडा चिकटला ना, की तो माणूस राहत नाही! मी अकराशे ऐंशीवर होतो. दोन हजार बावीसचा तो उन्हाळा, चव्वेचाळीस डिग्री, कूलरसमोर बसून मी खेळतोय, आणि आकडा उतरतोय… अकराशे चाळीस… एक हजार ब्याण्णव… एक हजार… आणि जूनमध्ये नऊशे सत्तावन्न. नऊशे सत्तावन्न! एखाद्याचा पगार उतरला तर तो संप करतो. मी कुणाविरुद्ध करू?

आणि इथे मी घाबरलो. का, ते सांगतो. आमच्या घरात ते आहे. विसरणं. माझे दोड्डप्पा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आमच्या घरी अर्धं कन्नड अर्धं मराठी, म्हणून दोड्डप्पा… संगप्पा त्यांचं नाव, अक्कलकोटच्या पुढे आमचं गाव, तिथे असायचे. बुद्धिबळ मला त्यांनीच शिकवलं, मी आठ वर्षांचा असताना. काय डोकं! ज्वारीच्या पोत्यांची बेरीज तोंडी करायचे. आणि बहात्तराव्या वर्षी सुरू झालं. आधी चावी, मग छत्री, मग माणसं. शेवटी शेवटी मी सोलापूरहून भेटायला गेलो की मला उठून नमस्कार करायचे आणि अदबीनं विचारायचे, "यावूर री निम्मदु?" गाव कुठलं तुमचं? मला! ज्याला मांडीवर बसवून हत्ती कसा चालतो ते शिकवलं, त्याला!

तर त्या जूनमध्ये मला बहात्तर पूर्ण झालेली होती. आता कळलं का, त्या घोड्याचं मला एवढं का लागलं?

सुंदरम्माला, म्हणजे माझ्या बायकोला, मी काही बोललो नाही. पण बेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला सांगावं लागतं होय? ती ताट वाढायची, मी भाकरीचा एक पापुद्रा मोडायचो, शेंगाचटणीत बुडवायचो, आणि तिथेच थांबायचो, कारण डोक्यात काय… घोडा मी विचार करून घेतला की बोट घसरलं? ती म्हणायची, "ऊटा माड्री, जेवा की! भाकरीकडं बघून पोट भरतं का?" मग म्हणायची, "डॉक्टरकडं जाऊ या." मी म्हणायचो, "कशाला? मला काय झालंय?" ती म्हणायची, "तेच विचारायला जाऊ या की!"

बीपीच्या डॉक्टरांकडे मी दर महिन्याला जायचो, पण डोक्याच्या डॉक्टरकडे जायची मला भीती. ते काय विचारतात मला माहीत होतं, मी वाचून ठेवलं होतं. आजची तारीख सांगा, घड्याळ काढून दाखवा, शंभरातून सात सात वजा करत जा. मी काय केलं असेल? मी त्याचाच सराव केला! आंघोळीला बसलो की त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट… पाठ! पाढ्यासारखं पाठ! आणि मग एके दिवशी अंगावर तांब्या ओतता ओतता लक्षात आलं, की अरे गाढवा, तू प्रश्नपत्रिका फोडलीस. आता तुझी परीक्षा झाली तरी निकालाला अर्थ नाही. डॉक्टर म्हणणार छान छान, आणि तू आतून सडत असलास तर? म्हणजे तो रस्ता मीच बंद केला. उरला काय? बुद्धिबळ. त्याची उत्तरं पाठ करता येत नाहीत.

मग मी शास्त्रीय पद्धतीनं कामाला लागलो. नुसतं खेळत राहून कुणी सुधारत नाही, हे मी पोरांना एकतीस वर्षं सांगत आलो होतो. आपण कुठे चुकतो ते शोधा, मोजा, आणि तेवढ्याचाच सराव करा. मागचे दोनशे हरलेले डाव काढले. एकेक उघडून पाहिला. वहीत हरण्याचं मुख्य कारण एकच लिहायचं, दुसरं लिहायचं नाही. नऊ दिवस लागले. निकाल ऐका. वेळ संपली, एकाहत्तर. सोंगटी फुकट घालवली, चौसष्ट. घोड्यानं एकाच वेळी दोन सोंगट्यांवर हल्ला केला आणि मला दिसला नाही, सत्तावीस. किरकोळ, पंधरा. आणि राहिले तेवीस. तेवीस डावांत माझं प्यादं शेवटपर्यंत पोचलं होतं, सुखरूप, आणि मी त्याचा वजीर केला नव्हता! अकरा वेळा हत्ती, आठ वेळा घोडा, चार वेळा उंट. माझ्यावर जाऊ नका, वहीत आहे.

एकदा असतं तर बोट घसरलं म्हटलं असतं. तेवीस वेळा बोट घसरतं का हो?

बाकीच्या चुकांना मी भ्यालो नाही. वेळ संपते, वय आहे. सोंगटी फुकट जाते, घाई आहे. त्यांच्यासाठी मी सराव लावला, रोज सकाळी चाळीस कोडी, फक्त घोड्याच्या हल्ल्याची, दुसरी नाहीत. पाण्याचा दिवस असला, आमच्याकडे चार दिवसांआड येतं ते, तर टाकी भरेपर्यंत गच्चीवर बसून वीस. आणि उपयोग झाला बरं का! घोडा मला आता दुरून दिसायला लागला. पण ती तेवीस प्यादी… त्यांना काय नाव द्यायचं? वहीत मी त्या रकान्यावर आधी 'निष्काळजीपणा' लिहिलं. मग खोडलं. मग काहीच लिहिलं नाही.

शेवटी यशपालना दाखवलं. बागेतल्या बाकावर, सकाळी सात वाजता, चालून झाल्यावर. दाखवली, म्हणजे एखाद्याला आपल्या रक्ताचा रिपोर्ट दाखवावा तसं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वही लांब धरली, आणि म्हणाले, "सर, हत्ती अकरा, घोडा आठ, हे झालं. पण प्यादं कुटल्या घरात पोचलं होतं, ते कुटं लिवलंय?"

मी म्हटलं, "त्याचा काय संबंध?"

"न्हाय, इचारलं आपलं. आमाला रेल्वेत सवय हाय. गाडी उशिरा आली एवढं लिवून भागत न्हाय, कुटल्या लायनीवर आली ते बी लिवायचं आसतं."

वर्गीकरणातील चुका. साडेतीनशे पानं. आणि हा माणूस बाकावर बसून दीड मिनिटात!

घरी आलो, तेवीस डाव पुन्हा उघडले. आणि तुम्हाला सांगतो, काय निघालं! अकराच्या अकरा हत्ती कडेच्या घरांत. आठच्या आठ घोडे कडेपासून दुसऱ्या घरात. चारही उंट तिसऱ्यात. आणि जी प्यादी मधल्या दोन घरांत पोचली, त्यांचे मी मुकाट्यानं वजीर केले होते, एकदाही चुकलो नव्हतो! अहो, हे तर देशी बुद्धिबळ! जुना आपल्याकडचा खेळ! त्यात प्यादं ज्या घरात पोचेल तिथल्या मूळ सोंगटीचं रूप घेतं. कडेला पोचलं तर हत्ती, त्याच्या शेजारी घोडा, मग उंट, आणि मधे पोचलं तरच वजीर. दोड्डप्पांनी मला तेच शिकवलं होतं, ओट्यावर कापडाचा पट पसरून. "मगा, पोरा, घोड्याच्या दारातून आत गेलास तर घोडाच होशील. राजवाड्यातून गेलास तर वजीर." नवे नियम मी पुढे कॉलेजात शिकलो, पन्नास वर्षं तेच खेळलो. आणि आता घाईत, सेकंद संपत आले, की हात परस्पर दोड्डप्पांचा नियम पाळत होता.

मी यशपालना फोन केला. ते एवढे खूश झाले, "बगा! मी म्हनलं न्हवतं? ह्याला येडेपना म्हनत न्हाईत सर, ह्याला संस्कार म्हनत्यात! जेवा आता पोटभर!"

जेवलो. दोन घास. मग तिसऱ्या घासाला माझ्या डोक्यात आलं… एक मिनिट. पन्नास वर्षं हा हात बरोबर वजीर घेत होता. मग आत्ताच का चुकायला लागला? बहात्तराव्या वर्षीच का? आणि मला ते वाचलेलं आठवलं, ह्या आजारात नवं आधी पुसलं जातं आणि जुनं राहतं. वरचा रंग उडतो आणि भिंतीवरचा खालचा रंग दिसायला लागतो. म्हणजे? म्हणजे हे कारण सापडलं तेच लक्षण! यशपालनी मला औषध म्हणून जे दिलं ते मी घरी आणून रोग म्हणून उघडलं. आता ह्यावर तुम्ही काय म्हणणार? घास ताटात ठेवला आणि उठलो. सुंदरम्मानं ताटावर ताट झाकलं, तेवढा आवाज आला.

मग मी ठरवलं. सोक्षमोक्ष. पंधरा ऑगस्टपर्यंत मुदत. प्याद्याचा वजीर करण्याचा सराव रोज. नव्यानं शिकवलेलं डोक्यात बसलं, तर डोकं अजून शिकतंय, म्हणजे ठीक आहे. नाही बसलं, तर सोळा तारखेला डॉक्टर, आणि सुंदरम्माला सगळं सांगायचं, आणि पेन्शनचे कागद, कपाटाच्या चाव्या, सगळं तिच्या हाती द्यायचं. हे मी फक्त यशपालना सांगितलं. म्हटलं, कुणाला बोलू नका. ते म्हणाले, "छ्या छ्या! आपुन कुनाला बोलतोय?"

तर सराव. खरा पट काढला, लाकडी, आणि एकेका स्तंभात प्यादं ठेवायचं, पुढच्या घरात सरकवायचं, आणि मोठ्यानं म्हणायचं "वजीर!" कडेचं प्यादं… "वजीर!" घोड्याच्या घरातलं… "वजीर!" रोज चाळीस वेळा, सकाळी आणि संध्याकाळी. शेजारच्यांना वाटलं मी कुणाला हाका मारतोय. समोरचे बाळासो फाटकाशी येऊन म्हणाले, "सर, मांजर पाळलं का हो?" मी म्हटलं, "हो." काय सांगणार?

आणि पटावर एकही चूक नाही! शंभरातून शंभर! मग मोबाइल उघडायचा, तीन मिनिटांचा डाव, प्यादं कडेला पोचलं… हत्ती. अहो, बोट हत्तीवर टेकताना मला दिसायचं! मी आतून ओरडायचो वजीर वजीर, आणि बोट हत्तीवर! जुलैची पहिली तारीख, हत्ती. चार तारीख, घोडा. नऊ तारीख, हत्ती, हत्ती. तेरा, उंट. सोळा, घोडा. अठरा, हत्ती, आणि त्या दिवशी मी ताटावर बसलोच नाही. म्हटलं, पोट बरं नाही. माझ्यावर जाऊ नका, वहीत आहे. पोटाचं खोटं आहे, ते सोडून.

आणि मग वीस जुलै.

वीस जुलैला दुपारी तीन वाजता, इंडोनेशियातला कुणीतरी, माझं प्यादं कडेला पोचलं, आणि वजीर झाला! मी बघत राहिलो. पुढच्या डावात घोड्याच्या घरात पोचलं, वजीर! एकवीसला वजीर! बावीसला वजीर! आणि सगळ्यात आश्चर्य काय, ती चार चित्रांची पट्टी… ती मला दिसेनाशीच झाली! उघडते कधी, मी निवडतो कधी, काही कळत नाही, प्यादं पोचलं की क्षणात वजीर! मी हरखून गेलो. म्हटलं, ह्यालाच म्हणतात सवय अंगात मुरणं. सायकल शिकताना पायडल दिसतं, एकदा आली की पायडल दिसतं का? तसं! सराव इतका खोल गेला की निवड करायला माझी गरजच उरली नाही!

आकडा चढला. ऑगस्टमध्ये एक हजार चाळीस, सप्टेंबरला अकराशे दहा, दिवाळीला बाराशे चौदा. बाराशे चौदा! घोड्याचा हल्ला दिसतोय, प्यादं वजीर होतंय, वेळ हातात राहतोय. सोळा ऑगस्टला मी डॉक्टरकडे गेलो नाही. सुंदरम्मानं पुरणपोळी केली, कारण काय ते मी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. मी चार खाल्ल्या.

आणि इथवर थांबलो असतो तरी चाललं असतं! पण नाही, शिकवायची खोड जाते का? ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यान दिलं. विषय, 'उतारवयात लक्ष्यकेंद्री सराव'. आलेख काढून नेला, हिरव्या शाईनं, वीस जुलैला रेघ कशी वर उसळते ते दाखवलं. तुमच्यातले काही जण होते की तेव्हा, मला दिसतायत. टाळ्या वाजवल्या होत्यात तुम्ही. फक्त त्या मायाक्का, मुख्याध्यापिका होत्या त्या, त्यांनी हात वर करून विचारलं, "सर, मग ती पट्टी गेली कुठं?" मी हसलो. कीव आल्यासारखा हसलो हो! म्हटलं, "मायाक्का, पट्टी आहे तिथंच आहे. माझी नजर तिच्या पुढे गेली." पुन्हा टाळ्या. मायाक्का खाली बसल्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर, चूक गणित फळ्यावर बरोबर म्हणून सुटताना बघणाऱ्या बाईंचा जो चेहरा असतो ना, तो होता.

तीन वर्षं. तीन वर्षं मी त्या आलेखावर झोपलो. चष्मा कुठे ठेवला आठवेना, घाबरलो नाही. व्याह्यांचं नाव जिभेवर येईना, घाबरलो नाही. म्हणायचो, डोकं शिकतंय अजून, पुरावा आहे.

आणि यंदाच्या फेब्रुवारीत, सोंगटी हलली की टकटक आवाज येतो ना, तो बंद करावा म्हणून मी त्या खेळाच्या आत शिरलो, जिथे सगळ्या सोयी चालू-बंद करता येतात तिथे. मी तिकडे कधी जातच नाही, मला भीती वाटते, काहीतरी पुसलं जाईल म्हणून. तर तिथे ओळीनं चौकोन. आवाज, टिक. कंपन, टिक. आणि तिसरी ओळ, मराठीत हो, स्वच्छ मराठीत… 'प्याद्याचा आपोआप वजीर करा'. टिक.

मी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. आपोआप.

मी ती टिक केलेली नव्हती. हे मला नक्की… म्हणजे, नक्की कुठलं आलंय, पण मी केलेली नव्हती! यशपालना फोन लावला. म्हटलं, "यशपाल, एक चौकोन आहे." ते म्हणाले, "सर, तुमी बसलाय ना?"

"बसलोय."

"ते मी केलंय. माफी करा. वैनींचा फोन आला हुता. रडत हुत्या. म्हनल्या, ताट तसंच्या तसं परत येतंय, मानूस डोळ्यादेखत वाळाय लागलाय, तुमी मित्र हाय, कायतरी करा. मी तुमच्या मुदतीचं सांगितलं त्यास्नी. मंग पान्याचा दिवस गाठून चहाला आलो. तुमी टाकी बगाय वर गेला, मोबाइल टेबलावर. तीन सेकंदाचं काम, सर."

"अहो, पण मी आलेख काढला! मी व्याख्यान दिलं!"

"व्हय की. मी पयल्या रांगेत बसून टाळ्या वाजिवल्या. दुसरं काय करनार हुतो?"

वही काढली. एकोणीस जुलै दोन हजार बावीस. माझ्याच अक्षरात. 'पाणी आले. यशपाल चहाला. डाव नाहीत.' आणि खाली, वीस जुलै, लाल शाईनं, 'वजीर!!' दोन उद्गारचिन्हं. वर्षानुवर्षं पोरांना शिकवलं, दोन गोष्टी एकामागोमाग घडल्या की आधी विचारा, मधे तिसरं कुणी येऊन गेलं का? आलं होतं. चहा पिऊन गेलं होतं. मी लिहूनही ठेवलं होतं!

म्हणजे डोकं शिकलं की नाही, ह्याचा पुरावा काहीच नाही. तीन वर्षांपूर्वी जिथे होतो तिथेच. मी ती टिक काढली. मोबाइल हातात घेऊन बसलो. डाव सुरू करायचं धाडस होईना. पुन्हा लावली.

मग स्वयंपाकघरात गेलो. सुंदरम्मा शेंगा निवडत बसली होती. म्हटलं, "तुला माहीत होतं? तीन वर्षं? मी एवढा नाचलो, सगळ्या गावाला सांगत सुटलो, आणि तू एका शब्दानं बोलली नाहीस?"

तिनं वरही बघितलं नाही. म्हणाली, "तुम्ही जेवायला लागला होता."

"पण ते खोटं होतं!"

"भाकरी खरी होती की."

आता ह्यावर संख्याशास्त्र काय बोलणार? पण माझा स्वभाव… बायको म्हणाली म्हणून मी मानणारा नव्हे. बीपीच्या डॉक्टरांची फाइल काढली. दर महिन्याला वजन करतात ते, तारीखवार लिहितात. जुलै दोन हजार बावीस, साडेसत्तावन्न किलो. ऑक्टोबर, एकसष्ट. दोनदा ताडून पाहिलं. तेव्हा मंडळी, त्या आलेखातलं रेटिंग माझं नव्हतं, ते मी आज इथे संघात सगळ्यांसमोर, आणि मायाक्कांसमोर, परत करतो. साडेतीन किलो मात्र माझेच. माझ्यावर जाऊ नका… फाइलीत आहे.